जामिनाची रक्कम आणि आरोपीची ऐपत

घरातील एखाद्या माणसास अटक झाली की भांबावलेल्या आप्तेष्टांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘सुटेल केव्हा’ हा, आणि न्यायालयाने जामीन मंजूर केल्याचे वकिलांनी बाहेर येऊन सांगताच पाठोपाठ दुसरा निघतो तो ‘किती भरावे लागतील’ हा. या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात जो गैरसमज आहे तो इतका सार्वत्रिक आहे, की त्यापायी कित्येक कुटुंबे अंगावरचे दागिने मोडतात, सावकाराच्या दारात उभी राहतात, आणि त्याहूनही खेदाची गोष्ट ही, की सुटकेचा हुकूम झालेला असताना ‘एवढा पैसा आपल्याच्याने उभा राहणार नाही’ असे मानून आपल्या माणसास आठवडेच्या आठवडे कारागृहात राहू देतात. वस्तुतः हुकुमात लिहिलेली रक्कम बहुतेक वेळा कोणी कोठे भरावयाची नसतेच. आरोपी ठरल्या तारखांना हजर राहिला नाही, तर किती रकमेची जबाबदारी त्याच्यावर व त्याच्या जामीनदारावर येईल, एवढेच ती सांगते. ही रक्कम न्यायालय कशाच्या आधारे ठरविते, ती अवाजवी वाटल्यास कोणाकडे दाद मागावी, आणि मुख्य म्हणजे ती ठरण्यापूर्वी आपण न्यायाधीशांपुढे काय ठेवावयास हवे, हे सामान्य वाचकास कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे. माझ्या मते आरोपीच्या खऱ्या ऐपतीचे चित्र रक्कम मुक्रर होण्याच्या आधी न्यायालयापुढे मांडणे, हाच कारागृहातील अकारण मुक्काम टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि दुर्दैवाने सर्वाधिक हयगय होते ती त्याच्याचविषयी.

प्रथम हुकूम वाचावा कसा ते पाहू. ‘अर्जदारास १५,००० रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर मुक्त करण्यात यावे’ अशा धर्तीचे वाक्य आपल्याकडील दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमांत नेहमी आढळते. यातील जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, की मी प्रत्येक तारखेस हजर राहीन आणि त्यात कसूर केल्यास सदरहू रक्कम सरकारजमा करण्यास पात्र होईन. त्यासाठी त्या क्षणी एक रुपयाही रोख लागत नाही. जामीनदार म्हणजे आरोपीच्या हजेरीची जबाबदारी शिरावर घेणारी तिऱ्हाईत व्यक्ती. तिनेही पैसे भरावयाचे नसतात, मात्र प्रसंग आल्यास तेवढी रक्कम वसूल होऊ शकेल इतकी आपली मिळकत वा उत्पन्न आहे, याविषयी तिने न्यायालयाची खात्री पटवावयाची असते. तिसरा प्रकार रोख जामिनाचा. मुचलका लिहून घेण्याऐवजी न्यायालय ठरवील ती रक्कम अनामत ठेवू देण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, आणि ही रक्कम न्यायालयाच्या नाझराकडे भरून रीतसर पावती घ्यावयाची असते. हुकुमात यांपैकी नेमके काय फर्माविले आहे हे वकिलांना स्पष्ट विचारून घेतल्यावाचून पैशाच्या मागे धावू नये. केवळ जातमुचलक्यावर सुटका फर्माविली असताना कोणी मध्यस्थ त्या रकमेची रोख मागणी करू लागला, तर ती सरळ सरळ फसवणूक समजावी.

आता रक्कम ठरते कशी ते पाहू. दिनांक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ मध्ये यासंबंधीचा मूळ नियम आहे, आणि तो अवघ्या एका वाक्याचा आहे: प्रत्येक मुचलक्याची रक्कम प्रकरणाच्या परिस्थितीचा योग्य विचार करून ठरवावी व ती अवाजवी असू नये. हाच नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४४० खाली होता, आणि त्याही मागे १८९८ च्या संहितेत होता. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या कायद्याने न्यायाधीशांना या बाबतीत एकच आज्ञा केलेली आहे. चोरीस इतके, मारहाणीस इतके, असे कोष्टक आपल्याकडे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गुन्ह्याच्या प्रकारानुसार जामिनाच्या रकमांची दरपत्रके जिल्हावार प्रसिद्ध होतात. आपल्या कायद्याने तो मार्ग पत्करला नाही, आणि माझ्या मते हे योग्यच झाले, कारण कोष्टकाला माणसाची ऐपत दिसत नाही. परंतु कोष्टक नसल्याने न्यायाधीशांवर जी जबाबदारी येते ती पार पाडावयास त्यांना आरोपीविषयी माहिती हवी, आणि ती माहिती पुरविणारा कोणी नसेल, तर हात आपोआप अंगवळणी पडलेल्या आकड्याकडे जातो. कनिष्ठ न्यायालयांत दिवसाला रिमांडची कितीतरी प्रकरणे चालतात. त्या गर्दीत ‘नेहमीप्रमाणे १५,०००’ किंवा ‘नेहमीप्रमाणे २५,०००’ असे आकडे पडतात, ते बहुधा न्यायाधीशांच्या कठोरपणामुळे पडत नाहीत. आरोपीच्या घरची स्थिती त्यांच्यापुढे कोणी मांडलेलीच नसते, म्हणून पडतात.

न्यायालयाने काय पाहावे याचे सर्वांत विस्तृत विवेचन सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात केले. बिहारच्या कारागृहांत खटला सुरू होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कच्च्या कैद्यांचे ते प्रकरण; त्यांतील कित्येकांवर ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ त्यांनी आत काढलेला होता, आणि त्यांचे दारिद्र्य हेच त्यांच्या बंदिवासाचे प्रमुख कारण होते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या निमित्ताने असे प्रतिपादन केले, की आरोपी पळून जाईल की नाही याचा अदमास पैशावरून बांधण्याची रूढ पद्धती सदोष आहे. आरोपीची मुळे समाजात किती खोल रुजली आहेत हे पाहावे, आणि ती रुजलेली असून पळून जाण्याचा भरीव धोका नसेल, तर त्याला केवळ जातमुचलक्यावर मुक्त करावे. ही मुळे ओळखावयाची कशी, तर तो त्या गावी किती वर्षे राहतो, त्याचा कामधंदा काय व किती स्थिर आहे, बायकामुले व वृद्ध आईबाप त्याच्याजवळ आहेत काय, त्याची सांपत्तिक स्थिती कशी आहे, लौकिक कसा आहे, पूर्वी काही गुन्हे नोंदले गेले आहेत काय, पूर्वी जामिनावर सुटला असल्यास तारखांना हजर राहिला होता काय, आणि त्याच्याविषयी खात्री देणारे गावातील जबाबदार गृहस्थ कोण आहेत, यांवरून. गुन्ह्याचे स्वरूप, पुराव्याचे बळ व संभाव्य शिक्षा यांचाही विचार त्यात येतो, कारण शिक्षा जितकी मोठी तितका पळून जाण्याचा मोह अधिक, हे उघड आहे.

या सर्व गोष्टींत सांपत्तिक स्थितीचा विचार दोन्ही अंगांनी करावा लागतो. अनेक शहरांत मालमत्ता असलेल्या व्यापाऱ्याने १५,००० रुपयांचा मुचलका लिहून दिला, तर त्या रकमेचे त्याच्या मनावर काही दडपण राहील असे समजणे कठीण, म्हणून मोठ्या आर्थिक अपहाराच्या प्रकरणांत लाखांच्या घरातले मुचलके दिसतात ते सकारण होय. उलट ऊसतोडणीच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या मजुरास तीच १५,००० ची रक्कम म्हणजे कित्येक महिन्यांची बचत. किंबहुना बचतच नसल्याने ती अशक्यप्राय रक्कम होय. एकाच आकड्याने एकास घरी पाठविले आणि दुसऱ्यास कारागृहात ठेवले, तर तो आकडा कायद्याच्या दृष्टीने समान दिसला तरी न्यायाच्या दृष्टीने समान राहत नाही. देशातील कारागृहांत जे बंदी आहेत त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अद्याप दोषी ठरलेले नाहीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

या संदर्भात मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९७८ चा निवाडा प्रत्येक सुजाण नागरिकास ठाऊक असावयास हवा. मोतीराम हा एक गरीब गवंडी. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला होता, परंतु रकमेचा निर्णय स्थानिक मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपविलेला असल्याने त्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. आणि त्याचा भाऊ जामीन राहावयास आला तेव्हा, त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे या कारणास्तव तो जामीनदार नाकारला गेला. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने दिलेली सुटका अशा रीतीने एका गवंड्याच्या बाबतीत कागदावरच राहिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एका गवंड्याच्या दृष्टीने भरमसाट असल्याचे नमूद करून त्याला स्वतःच्या १,००० रुपयांच्या मुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला, आणि परजिल्ह्यातील जामीनदार केवळ परजिल्ह्यातील म्हणून नाकारणे अयोग्य असल्याचे स्पष्टपणे सांगितले. नांदेडचा मजूर पुण्यातील बांधकामावर असताना पकडला जातो, रत्नागिरीचा तरुण ठाण्यात पकडला जातो, महाराष्ट्रातील वाहनचालक गोव्यात पकडला जातो; अशा वेळी त्यांची जमीनजुमला असलेली माणसे त्यांच्या गावीच असणार, आणि त्यांचा जामीन नामंजूर करणे म्हणजे आपल्याच देशात त्यांना परके ठरविणे होय. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आपल्या निर्देशांतही नमूद केले असून तशी अट न्यायालयांनी घालू नये असे सुचविले आहे. हा निर्देश व मोतीरामचा निवाडा यांचा उल्लेख आपल्या वकिलांनी अर्जात करावा, अशी विनंती त्यांना अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अटक झाल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे संविधानाने बंधनकारक केले आहे. म्हणजे घरच्यांच्या हाती फार तर एक दिवस असतो, आणि तो बहुधा पोलीस ठाण्याच्या आवारात ताटकळत जातो. माझे सांगणे असे, की घरातील एकाने ठाण्यात थांबावे आणि दुसऱ्याने त्याच दिवशी कागद गोळा करावेत. शिधापत्रिका व आधारपत्र. त्याच पत्त्यावर अनेक वर्षांचे वास्तव्य दाखविणारी वीजदेयके, घरपट्टीच्या पावत्या किंवा भाडेकरार. कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र, वेतनचिठ्ठी, आणि रोजंदारी असल्यास मुकादमाचे वा मालकाचे पत्र. मुले शाळेत असल्यास त्यांच्या शाळेचा दाखला. घरी कोणी आजारी वा परावलंबी असल्यास वैद्यकीय कागद. कर्ज असल्यास त्याची खातेपुस्तिका. हे सारे कागद साधे आहेत, परंतु त्यांतील प्रत्येक कागद उपरिनिर्दिष्ट मुळांपैकी एखाद्या मुळाचा पुरावा आहे. जामीनअर्ज लिहिताना वकील सामान्यतः गुन्हा कसा खोटा आहे यावरच पाने भरतात. त्यांना आग्रहाने सांगावे, की एक स्वतंत्र परिच्छेद आरोपीच्या ऐपतीविषयी असू द्या, त्यात त्याचे मासिक उत्पन्न, खाणारी तोंडे व स्थावर मिळकत असल्यास ती नमूद करा, आणि शेवटी नम्रतापूर्वक अशी प्रार्थना करा, की अर्जदारास जातमुचलक्यावर मुक्त करावे, अन्यथा त्याच्या आवाक्यात राहील एवढ्याच रकमेचा एक जामीनदार फर्मावावा. या परिच्छेदात काही लपवू नये व काही वाढवूनही सांगू नये, कारण सरकारी वकिलांनी एक विधान खोटे पाडले की उरलेली खरी विधानेही निस्तेज होतात. पूर्वीचा एखादा गुन्हा नोंदलेला असेल, तर तो आपणच सांगून त्या प्रकरणात आपण नियमित हजर राहिल्याचा रोजनामा दाखविणे, हे लपविण्यापेक्षा शतपटीने हिताचे.

वकील देण्याची शक्ती नसेल, तर त्याने खचून जाण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ अन्वये, कोठडीत असलेल्या व्यक्तीस उत्पन्नाची कोणतीही मर्यादा न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी देशभर विनाशुल्क चालतो.

गुन्हा जामीनपात्र असेल, तर गोष्ट अधिक सुकर आहे. तेथे जामीन हा आरोपीचा हक्क असून तो ठाण्याच्या अधिकाऱ्यासही मंजूर करता येतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये अशी स्पष्ट तरतूद आहे, की आरोपी निर्धन असून जामीनदार देण्यास असमर्थ असेल, तर त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडलेच पाहिजे. अटकेपासून एका आठवड्याच्या आत ज्याला जामीनदार देता आला नाही, तो निर्धन आहे असे गृहीत धरण्यास तेवढे कारण पुरेसे होय. ही तरतूद ठाऊक नसल्याने किरकोळ गुन्ह्यांतील गरीब माणसे आत राहिल्याची उदाहरणे ऐकली, की मन विषण्ण होते. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन देणे न देणे न्यायालयाच्या विवेकाधीन असते. अमली पदार्थ, दहशतवादी कृत्ये किंवा काळ्या पैशाचे हस्तांतरण यांविषयीच्या विशेष कायद्यांत तर जामीन मंजूर होणेच दुर्घट असते, आणि रकमेचा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. मात्र जेथे जेथे जामीन मंजूर होतो, तेथे तेथे रक्कम अवाजवी असू नये हा नियम लागू आहे.

जामीनदार शोधताना बहुतेकांची तारांबळ उडते. आपल्याकडील न्यायालयांत जामीनदाराकडून ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, आणि ऐपतीचा पुरावा म्हणून सातबारा व आठ-अ यांचे उतारे, घरपट्टीची पावती किंवा नोकरदार असल्यास वेतनचिठ्ठी मागितली जाते. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो. काही न्यायालये तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात, आणि तो मिळण्यास दिवस लागत असल्याने, ज्याच्या नावे जमीन वा घर आहे अशा नातलगाने अर्जाच्या निकालाची वाट न पाहता तो मिळविण्याच्या खटपटीस लागावे. जामीनदाराची पात्रता प्रतिज्ञापत्रावरून मान्य करण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयास दिला आहे, याचे स्मरण वकिलांनी करून द्यावे, कारण पडताळणीसाठी कागद पोलीस ठाण्याकडे किंवा तहसील कचेरीकडे गेले की ते परत येण्याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. आपण यापूर्वी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदारास लिहून द्यावे लागते. यामागे कारण आहे: न्यायालयांच्या आसपास पैसे घेऊन जामीन राहणारे आणि बनावट शिधापत्रिका व उतारे पुढे करणारे लोक वावरत असतात, आणि घाईला आलेले कुटुंब त्यांच्या जाळ्यात सहज सापडते. अशा भाड्याच्या माणसाच्या वाटेस कदापि जाऊ नये. दुसऱ्याच्या नावाने जामीन राहणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, आणि जामीनदार बनावट निघाला की आरोपीची सुटकाही धोक्यात येते.

जामीन राहणाऱ्या आप्तासही आपण काय स्वीकारीत आहोत याची कल्पना असावी. आरोपी गैरहजर राहिला व मुचलका जप्त झाला, तर न्यायालय जामीनदारास रक्कम भरण्यास किंवा न भरण्याचे कारण दाखविण्यास फर्माविते. भरली नाही तर ती दंडाप्रमाणे वसूल होते, आणि वसूल होऊ न शकल्यास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवासही होऊ शकतो. न्यायालयास कारणे नमूद करून त्यातील काही भाग माफ करता येतो, म्हणून अशी नोटीस आल्यास घाबरून घरी न बसता तारखेस हजर राहून खरी हकीगत सांगावी. आरोपीचे वर्तन बिघडत चालल्याचे दिसल्यास जामीनदाराला केव्हाही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आपली जबाबदारी काढून घेता येते. तसे झाल्यास आरोपीस पुन्हा बोलावून नवा जामीनदार मागितला जातो.

जामीनदाराच्या कागदांना वेळ लागणार हे उघड असेल, तर मुंबई व आसपासच्या न्यायालयांत एक उपयुक्त रीत रूढ आहे, तिचा लाभ घ्यावा. हुकूम होताच त्याच दिवशी वकिलांनी अशी विनंती करावी, की जामीनदार देण्यास काही आठवड्यांची मुदत मिळावी आणि तोवर अर्जदारास तात्पुरत्या रोख जामिनावर सोडण्यात यावे. न्यायालये ही विनंती पुष्कळदा मान्य करतात. मात्र मुदतीची तारीख विसरू नये. ती टळली आणि जामीनदारही दिला नाही, तर पुन्हा कोठडीची पाळी येते.

एवढे करूनही रक्कम झेपण्यापलीकडची ठरली तर काय करावे? पहिला मार्ग त्याच न्यायालयाचा. अट शिथिल करावी, दोनाऐवजी एक जामीनदार घ्यावा किंवा रक्कम कमी करावी, असा अर्ज तेथेच करता येतो, आणि ऐपतीचे कागद सोबत असल्यास तो पुष्कळदा मंजूर होतो. तेथे दाद न लागल्यास कलम ४८४ च्या दुसऱ्या पोटकलमान्वये, पोलिसांनी किंवा दंडाधिकाऱ्यांनी मागितलेला जामीन कमी करण्याचा अधिकार सत्र न्यायालयास व उच्च न्यायालयास आहे. सत्र न्यायालय जिल्ह्याच्या गावी असते. उच्च न्यायालय म्हणाल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्यातील पर्वरी यांच्या जोडीस ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथेही बसू लागले आहे, त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातील पक्षकारांची मुंबईची वारी वाचली आहे. दुसरा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्देशांनी मोकळा केला. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांस कळवावयाचे, आणि त्यांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून कैद्याची अडचण समजून घ्यावयाची. त्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवून अट सैल करण्याची विनंती करता येते. एक महिना लोटूनही मुचलका दिला गेला नसेल, तर न्यायालयाने स्वतःहून अटीचा फेरविचार करावा, असेही त्यात सुचविले आहे. हे आपोआप घडेल अशा भरवशावर राहू नये. आठव्या दिवशी घरच्यांनी स्वतः प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन प्रकरणाचा क्रमांक व हुकुमाची तारीख लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

पैशाअभावी अडकलेल्या कैद्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ साली साहाय्य योजना सुरू केली असून तीत आरंभी प्रत्येक कच्च्या कैद्यामागे ४०,००० रुपयांपर्यंतच्या जामिनाची तरतूद होती. जिल्ह्याची समिती तिचा निर्णय करते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ इत्यादी विशेष कायद्यांखालील आरोपींना ती लागू नाही. तिची चौकशीही प्राधिकरणाच्या त्याच कचेरीत करावी. याखेरीज, खटला लांबत चालला असेल, तर कलम ४७९ लक्षात ठेवावे: ज्या गुन्ह्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीच्या बाबतीत एकतृतीयांश काळ कोठडीत गेला असेल, तर त्याची सुटका व्हावयास हवी, मात्र त्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांची प्रकरणे प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही. एकतृतीयांशाच्या या सवलतीत सुटका केवळ मुचलक्यावर होते, आणि त्यासाठी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकलेले आहे.

एका आरोपीवर निरनिराळ्या ठिकाणी अनेक गुन्हे नोंदलेले असले, की प्रत्येक प्रकरणात वेगवेगळे जामीनदार देणे अशक्य होऊन बसते. फसलेल्या व्यवसायांच्या प्रकरणांत हे वारंवार दिसते. गिरीश गांधी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालू देऊन हा पेच सोडविला; त्याचा आधार अशा आरोपींनी घ्यावा. तसेच फिर्यादीची कथित रक्कम न्यायालयात भरल्यासच जामीन, अशी अट कोठे पडल्यास ती निमूटपणे मान्य करू नये. जामिनाचा अर्ज हा पैसेवसुलीचा दावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या काळात पुनःपुन्हा बजावले आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुड्डन ऊर्फ रूपनारायण याच्या प्रकरणात तर लाखाच्या अनामतीसह घातलेल्या जड अटी जामीन नाकारण्यासारख्याच आहेत असे म्हणून त्या काढून टाकल्या. आरोपीच्या वकिलाने उत्साहाच्या भरात आपणहून ‘आम्ही एवढी रक्कम भरण्यास तयार आहोत’ असे सांगितले, की मात्र पुढे माघार घेणे अवघड जाते. घरच्यांनी वकिलास असे अभिवचन देण्याची मुभा पूर्ण विचारान्तीच द्यावी.

मुचलका लिहून झाला, जामीनदार मान्य झाला, म्हणजे न्यायालयाकडून कारागृहास सुटकेचा हुकूम जातो. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहासारख्या ठिकाणी हे हुकूम दाराशी असलेल्या जामीनपेटीत ठराविक वेळेपूर्वी पडावे लागत असत, आणि सायंकाळची ती वेळ टळली की सुटका दुसऱ्या दिवसावर जात असे. आता जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाकडे पाठविण्याचे निर्देश आहेत. तरीही हुकुमात नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक व पोलीस ठाणे अचूक आहेत ना, हे न्यायालयातून निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे, कारण एका अक्षराच्या चुकीपायी कारागृहाच्या दारातून माणूस परत आत गेल्याचे प्रसंग घडतात.

सुटून आल्यावर प्रत्येक तारीख वहीत लिहावी, आजारपणामुळे जाता आले नाही तर त्याच दिवशी वकिलांमार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा, आणि पत्ता बदलल्यास तो न्यायालयास व ठाण्यास लेखी कळवावा. रोख जामीन भरला असेल, तर नाझराने दिलेली मूळ पावती घरातील जोखमीच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यावर, किंवा मध्येच जामीनदार देऊन रोख जामीन रद्द करून घेतल्यावर, ही रक्कम परत मिळते. मात्र ती कोणी घरपोच आणून देत नाही, त्यासाठी त्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत पावती, ओळखीचा पुरावा व बँकखात्याचा तपशील जोडावा लागतो. पावती ज्याच्या नावे असेल त्यासच सामान्यतः परतावा मिळत असल्याने, पैसे ज्या नातलगाचे असतील त्याच्याच नावाने ती पहिल्या दिवशी घ्यावी.